तात्यांची जागा

"येऊ द्या… येऊ द्या… अजून येऊ द्या… बास!"

गाडीच्या पाठीवर थाप मारून मी ओरडले आणि गाडी थांबली. ह्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मागची चाकं सपाटीला आली का?"

"आली. पोळपाटासारखी सपाट जागा आहे."

होतीच ती तशी. धरणाचं पाणी उन्हाळ्यात मागे सरलं की बुडालेली जमीन उघडी पडते, तिथे आम्ही उभे होतो. वर टेकाडावर संपत गभालेची कॅम्पसाइट होती. तिथे झाडं होती, नळ होते, संडास-बाथरूम होती; पण सुट्ट्यांमुळे वरच्या सगळ्या जागा भरून गेल्या होत्या. म्हणून त्याने आम्हाला खाली, पाण्याच्या अंगाला उतरवलं. चहूकडे नुसता वाळलेला गाळ आणि त्यात हात जाईल एवढाल्या भेगा. त्या भेगांच्या मधोमध हा एक गोल होता, एकही भेग नसलेला, कोवळ्या हिरव्यागार गवताचा. त्या सगळ्या माळावर दुसरीकडे कुठे हिरवं पातं नव्हतं. मला तेव्हा त्याचं कौतुकच वाटलं.

आमचे हे, म्हणजे श्रीरंग, नाशकात लहान फ्लॅटवाल्यांना फर्निचर करून देत. पलंगाच्या पोटात कपाट, कपाटाच्या पोटात टेबल, टेबलाच्या पोटात इस्त्रीची फळी. 'रिकामी जागा म्हणजे फुकट गेलेली जागा' हे वाक्य दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं होतं आणि घरात तर ते उठता-बसता ऐकू यायचं. खिशात मोजपट्टी कायम. आमच्या लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हा ह्यांनी मनातल्या मनात त्याची रुंदी मोजली असणार, असं मी माहेरी सांगून सगळ्यांना हसवत असे. हसण्यासारखंच होतं ते, त्या दिवसापर्यंत.

शाळेची एक जुनी मिनीबस विकत घेऊन ह्यांनी तिचं घर केलं होतं. 'घरगाडी' म्हणायचे तिला. ओटा, कपाटं, दोन माणसांची झोपायची सोय, आणि खिडकीखाली तिसरी एक फळी. ही तिसरी फळी तात्यांसाठी, म्हणजे माझ्या सासऱ्यांसाठी केली होती. पण निघायच्या आदल्या आठवड्यात फ्रिज आला, त्याला लागणाऱ्या बॅटऱ्या आल्या, आणि त्या नेमक्या त्या फळीवर बसल्या.

"तात्यांना आत कोंडल्यासारखं होतं," हे ज्याला-त्याला सांगू लागले. "ते बाहेर मोकळ्या हवेतच झोपतील."

तात्यांनी असं काही म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. पण तात्या काहीच म्हणत नसत. उभी हयात छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेली, त्यामुळे असेल, तोंडाने बोलायची त्यांना सवयच राहिली नव्हती. घरात ते आधी पुढच्या खोलीत झोपत. तिथे ह्यांचं ऑफिस आलं. मग ते मधल्या खोलीत गेले. आमच्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा ते गॅलरीत गेले. घडीची खाट मिटायची, काखेत मारायची, पुढच्या जागी उलगडायची. ऐंशी उलटलेला माणूस, पण कधी कुरकूर नाही. गॅलरीतसुद्धा त्यांच्या खाटेच्या जागी एक उभं कपाट कसं चपखल बसेल याचं माप ह्यांनी भिंतीवर पेन्सिलने काढून ठेवलं होतं. तात्या रोज त्या रेघेकडे तोंड करून झोपत.

तर त्या दुपारी गाडी हिरव्या गोलावर लागली आणि मी कळशी घेऊन वर नळावर गेले. नळाला बारीक धार. कळशी भरेस्तोवर मी खाली बघत उभी राहिले. संपत गभाले ह्यांच्याजवळ उभा होता. त्याने हवेत हाताने एक मोठा गोल काढला. मग तळहात खाली, खाली, आणखी खाली नेला. हे मान डोलवत होते. तात्या लांब पाण्याच्या कडेला काठी टेकवत चालले होते. एवढ्या वरून मला शब्द काही ऐकू आला नाही.

खाली येते तो काय, गाडी गोलावरून काढून पलीकडच्या उतारावर नेलेली!

"अहो, चांगल्या सपाटीवरून का हलवली? आता रात्रभर माणूस घरंगळत राहील."

"उतारावर पाणी साचत नाही, कुमुद. तुला काय कळतंय त्यातलं?" ते म्हणाले. "आणि सपाटी काय, आत्ता करून दाखवतो."

गोलाच्या एका अंगाला गाळाने माखलेले चपटे दगड रांगेने पडले होते, पाट्यापेक्षा थोडे लहान. ह्यांनी ते एकेक उचलून खालच्या बाजूच्या चाकांजवळ रचले आणि गाडी हळूच त्यावर चढवली. ओट्यावर पाण्याची वाटी ठेवली, पाणी हललं नाही. ह्यांचा चेहरा खुलला.

तात्या तोवर परत आले होते. ते त्या दगडांच्या मोकळ्या खळग्यांकडे बघत म्हणाले, "कुणीतरी मांडून ठेवले होते रे ते."

"पाण्याने आणून टाकलेत, तात्या."

"पाणी रांगेत टाकत नाही," तात्या म्हणाले.

मग सुरू झाली ह्यांची मांडामांड. गाडीच्या दारावरून मोठी ताडपत्री पुढे ओढली, ती थेट हिरव्या गोलापर्यंत गेली. दाराशी माझी शेगडी. तिच्याशेजारी घडीचं टेबल. टेबलाला लागून ह्यांची खुर्ची, अशी, की बसल्या जागी धरणाचं पाणी दिसावं. आणि ताडपत्रीच्या टोकाखाली, हिरव्या गोलाच्या ऐन मधोमध, तात्यांची खाट.

ताडपत्रीचे खुंट ठोकायला हातोडा घेऊन मी गेले. गाळात खुंट जाता जाईना, घाम निघाला. गोलातला खुंट मात्र मी नुसता टेकवला आणि तो भिजवलेल्या कणकेत बोट जावं तसा आत गेला. मी तो उपसून पाहिला. टोक ओलं होतं.

"अहो, इथे जमीन मऊ आहे."

"गवत आहे ना वर, म्हणून मऊ. तात्यांना गादीसारखं होईल."

"पण खालून ओल आहे. त्यांच्या गुडघ्यांना—"

"मग खुर्ची कुठे ठेवू? शेगडी कुठे ठेवू?" त्यांनी मोजपट्टी खटकन मिटली. "एकेक वीत जागा बसवली आहे मी. एक वस्तू हलवलीस की सगळं हलेल."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. ह्यांच्या मापापुढे ब्रह्मदेवाची मात्रा चालली नसती. मी दोन पोळपाट बरोबर आणले होते, ते खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली सरकवले आणि वर सतरंजी घातली.

गाडीतलं सांडपाणी टाकीत साठायचं. त्याची नळी ह्यांनी आधी उताराकडे सोडली होती, तर पाणी पसरून चिखल व्हायला लागला. म्हणून मग ती उचलून गोलाच्या कडेशी आणली. आणि काय नवल, तिथे पाणी पसरेना. साचेना. आलं की गडप! आंघोळीचं, भांड्यांचं, भाज्या धुतल्याचं, सगळं पाणी त्या गवतात शिरायचं आणि नाहीसं व्हायचं.

"बघ!" हे म्हणाले. "याला म्हणतात जागेचा उपयोग. फुकटची मोरी मिळाली."

संध्याकाळी उन्हं उतरली. वरच्या मंडळींची गाणी सुरू होती, पण खाली आमच्यापर्यंत ती यायची ती विरूनच. पाण्याच्या बाजूने गाळाचा कुबट वास येत होता. मी पिठलं टाकलं. तात्या खाटेवर बसले होते, काठी दोन पायांत धरून. मी पातेलं विसळून पाणी फेकलं, ते गवतात गेलं, आणि खालून आवाज आला. घुटुक. जरा थांबून पुन्हा, घुटुक.

मी तात्यांकडे पाहिलं. त्यांनीही ऐकलं होतं.

"दुपारपासून चाललंय," ते म्हणाले. "खाली कोणीतरी पाणी पितंय."

 मी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. "काहीतरीच काय तात्या. भेगांतून झिरपत असेल."

"असेल."

त्यांनी काठी जमिनीवर आपटली. वर गाडीपाशी काठी आपटली की टक्क व्हायचं. इथे आवाज आला तो पोकळ, रिकाम्या कणगीवर थाप मारल्यासारखा. त्यांनी दुसऱ्यांदा आपटली नाही.

जेवताना हे खुशीत होते. हात फिरवून सगळा पसारा दाखवत म्हणाले, "बघा तात्या, कुठे एवढीशी जागा वाया गेली आहे का?"

तात्यांनी घास गिळला. "आमच्याकडे ओळीत दोन शब्दांच्या मध्ये कोरे खिळे घालावे लागायचे," ते म्हणाले. "ते छापून उठत नाहीत. पण काढून घेतले तर ओळ वाचता येत नाही."

"तुमचा छापखाना बंद पडला, तात्या," हे म्हणाले आणि पिठल्याला हात घातला.

मला फार वाईट वाटलं. एवढं वाईट वाटलं की माझं जेवण तिथेच संपलं. पण तात्या शांतपणे ताटातलं शित न् शित वेचत राहिले.

झोपायच्या आधी मी पुन्हा एकदा विषय काढला. "तात्यांना आत घेऊ या. फ्रिज रात्रीपुरता बाहेर ठेवू."

"फ्रिज बाहेर? दव पडलं म्हणजे?"

"आणि तात्यांवर दव पडलं म्हणजे?"

 तात्याच बाहेरून म्हणाले, "असू दे गं कुमुद. मी इथे बरा आहे. आभाळ दिसतंय."

खाटेचे पायथ्याकडचे पाय गवतात बोटभर रुतले होते. मी ते पाहिलं, आणखी एक गोधडी त्यांच्या अंगावर घातली आणि आत येऊन पडले. झोप कसली लागते. ताडपत्री फडफडली की वाटायचं तात्या उठले. ताडपत्री थांबली की वाटायचं आता तात्या का नाही उठले.

तांबडं फुटलं तशी मी उठले आणि आधी दार उघडून पाहिलं. तात्या होते, गोधडीत गुरफटलेले. जीव भांड्यात पडला. मी दाराशी बसून चहाचं आधण ठेवलं.

पाण्याच्या कडेकडेने एक बाई येत होती. म्हातारी, काटक, नऊवारीचा काष्टा खोचलेला, डोक्यावर पाटी, पाटीवर कापड. ती सरळ आमच्या रोखाने आली आणि गोलाच्या बाहेर थबकली. आत पाय टाकला नाही तिने. पाटी खाली ठेवून इकडेतिकडे बघू लागली, घरात ठेवलेली वस्तू जागेवर नसली की माणूस बघतं तसं.

"काय हवंय, मावशी?" मी विचारलं.

"मी ठकूबाई. आमच्या बाया व्हत्या हितं," ती म्हणाली. "कुठं गेल्या?"

"कोण बाया?"

"आसरा वो. साती आसरा." तिने कापड बाजूला केलं. दही-भात, हिरव्या बांगड्या, हळद-कुंकू. "पानी मागं सरलं का आमी त्यांची वटी भरतो. दर साली. हितंच रांगेत असत्यात, गाळानं माखल्याली. कुनी नेल्या?"

तात्या जागे झाले होते. कोपरावर रेलून ते ऐकत होते.

"किती दगड होते, बाई?" त्यांनी विचारलं.

"सात. पर त्यांस्नी दगड म्हनू नगा, बाबा."

तात्यांनी गाडीच्या चाकांकडे पाहिलं. मग हळूहळू पाय खाली सोडले, सपाता चाचपल्या, काठी घेतली आणि उभे राहिले. गुडघे धरले होते, तरी उभे राहिले.

"या," ते म्हणाले. "दाखवतो तुमच्या बाया. आमच्या घरात चूक झाली आहे."

ते काठी टेकत गोलातून बाहेर आले. ठकूबाई गोलाला वळसा घालून त्यांच्या मागे आली. दोघं गाडीच्या चाकाशी वाकली.

"अगं माझे आई!" ठकूबाईने कपाळावर हात मारला. "गाडीखाली घातल्या?"

"पण मावशी," मी म्हटलं, "आसरा म्हणजे पाण्याच्या देवी, त्या तर पाण्याच्या जागी असतात ना? नदीवर, विहिरीवर? इथे माळावर कशा?"

तिने माझ्याकडे वेड्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं.

"हीर हाय न्हवं ती. बुडीत बोरवंड गावाची हीर. माझ्या म्हायेरची. सारा गाव पानी प्यायचा तिचं." आणि तिने हात केला तो हिरव्या गोलाकडे.

माझ्या हातात साखरेचा चमचा होता. तो तसाच राहिला. मी तोंड उघडलं, काय बोलणार होते ते आज आठवत नाही, कारण तेवढ्यात ते झालं.

फार मोठा आवाज झाला नाही. ओलं पोतं धपकन जमिनीवर टाकावं तेवढाच. हिरवा गोल मधोमध खचला, घमेल्यासारखा झाला, खाट त्यात एका अंगावर कलली. क्षणभर ती तशीच थांबली, सतरंजीसकट, उशीसकट. मग गवताची चादर फाटली आणि खाट खाली गेली. माझे पोळपाट गेले. ताडपत्रीचा खुंट गेला, दोऱ्या ताणून तुटल्या, ताडपत्री फाटक्या पदरासारखी लोंबू लागली. त्यानंतर कितीतरी वेळ खालून माती पाण्यात पडत राहिल्याचा आवाज येत होता. घुटुक. घुटुक.

"तात्या!" मी किंचाळले. ते माझ्यापासून हाताच्या अंतरावर उभे होते. तरीही मी किंचाळले.

हे धडपडत दारात आले. त्यांनी ते भोक पाहिलं. मग त्यांनी गाडीच्या चाकांकडे पाहिलं, ती घट्ट आहेत ना म्हणून. आणि मग हाक मारली, "तात्या! तात्या कुठे आहेत?"

या क्रमानेच. मी बघत होते.

"इथे आहे," तात्या म्हणाले.

माझा आवाज वरपर्यंत गेला असावा. संपत गभाले लेंगा सावरत उतारावरून पळत आला. भोकाशी येऊन त्याने खाली वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"मानूस न्हाई ना गेलं?"

"नाही," मी म्हणाले. "खाट गेली. आत्ता उठले हो ते. आत्ता!"

तो मटकन खाली बसला. मग ह्यांच्यावर उखडला. "साहेब, काल तुमाला बजावून सांगितलं व्हतं का न्हाई? हीर हाय म्हनलं. डबर-माती टाकून बुजवल्याली हाय, पान्याखाली राहून भुसभुशीत झालीया, वजन पेलायची न्हाई. गाडी काढा म्हनलं, तेवढी जागा मोकळी ठेवा म्हनलं!"

"मग गाडी कुठे ठेवली होती मी?" हे फटकन म्हणाले. गिऱ्हाइकाने खोट काढली की दुकानात जो आवाज लागायचा, तोच. "तुम्ही सांगितल्याबरोबर काढली की गाडी!"



चहा उतू गेला, शेगडी फुसफुसली, तरी मी उठले नाही. मला कालची दुपार दिसत होती. हवेत काढलेला गोल. खाली खाली जाणारा तळहात. मान डोलवणारे हे. म्हणजे माहीत होतं. सगळं माहीत होतं. गाडी जड, म्हणून गाडी काढली. नवी कोरी घरगाडी, बॅटऱ्या, फ्रिज. आणि मग ती एवढी मोठी सपाट जागा रिकामी राहिली. रिकामी जागा ह्यांना कधी बघवली आहे? तिथे ठेवायला काहीतरी हलकं हवं होतं.

ह्यांना स्वतःचे शब्द ऐकू यायला जरा वेळ लागला. ते ऐकू आले तेव्हा त्यांनी तात्यांकडे पाहिलं.

तात्या काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"खरं बोलतोय तो," तात्या संपतला म्हणाले. "गाडी लगेच काढली त्याने. मी पाहिलंय."

मग ते ह्यांच्याकडे वळले. "माप चुकलं नाही रे तुझं, श्रीरंग. मी हलकाच आहे. रात्रभर पेललं की तिने मला."

"तात्या, मला वाटलं… खाटेचं वजन ते किती… आणि पाणी…"  सांडपाण्याची नळी अजून त्या भोकाच्या काठाशी ठिबकत होती.

ठकूबाईला या कशाशी देणंघेणं नव्हतं. ती चाकाशी ठाण मांडून बसली होती. "आदी माझ्या बाया काढा," ती म्हणाली. "बाकीचं तुमी घरी जाऊन बोला."

ह्यांनी गाडी पुढे घेतली. खाली उतरले आणि गुडघ्यांवर बसून, हातांनी उकरून, एकेक दगड काढला. मी काढू लागले तर म्हणाले, नको. ठकूबाईने तांब्यातलं पाणी प्रत्येक दगडावर ओतलं, हाताने गाळ चोळला, आणि खालून जुना शेंदूर वर आला. लालभडक. एक, मग दुसरा, मग सगळे. भोकापासून लांब, टणक जमिनीवर तिने ते रांगेत मांडले. ओटी भरली. दही-भाताचा नैवेद्य दाखवला.

"बायांनी उठवलं बाबाला," ती माझ्याकडे बघून म्हणाली.

मी तशी फार देवभोळी नाही. पण त्या वेळी मी वाकून त्या मातीला कपाळ टेकवलं, आणि मला हुंदका आवरला नाही.

तिने प्रसादाचा दही-भात तात्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो सावकाश खाल्ला, हात धुतला, आणि म्हणाले, "कुमुद, जाताना संगमनेरवरून जाऊ. मला विजूकडे सोडा."

विजूवन्सं म्हणजे माझ्या नणंद. दोन खोल्यांत सहा माणसं त्यांची.

"तिथे जागा कुठे आहे, तात्या?" हे एकदम म्हणाले. सवयीने म्हणाले. आणि म्हणून झाल्यावर त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"बघतील ते," तात्या म्हणाले.

निघताना ह्यांनी फ्रिज उतरवून संपतच्या ओसरीवर ठेवून दिला. बॅटऱ्या उपसल्या. खिडकीखालची फळी मोकळी केली, तीवर आमची गादी घातली, उशी ठेवली. "या तात्या, पडा इथे," म्हणाले. मी त्यांचा एवढा मऊ आवाज लग्नानंतर पहिल्यांदा ऐकला.

तात्यांनी फळीकडे पाहिलं. हाताने गादी जरा दाबूनही पाहिली. मग दाराशेजारी घडीची खुर्ची होती, तीवर जाऊन बसले, काठी दोन पायांत धरून.

"मी दाराशीच बरा," ते म्हणाले. "उतरायला सोपं."

संगमनेरपर्यंत फळी रिकामी आली.

तात्या विजूवन्संकडेच राहिले आणि तिथेच गेले. आम्ही दर महिन्याला जात असू. ते नीट बोलत, हसत, माझ्याकडून नाशकातल्या बातम्या विचारून घेत. हे प्रत्येक वेळी निघताना म्हणायचे, "घरी चला, तात्या." आणि तात्या प्रत्येक वेळी म्हणायचे, "बघू." घरगाडी ह्यांनी विकून टाकली. दुकानाची पाटी एक दिवस खाली उतरली, ती का म्हणून मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

आता इतकी वर्षं झाली. घर तेच आहे, उलट सामान वाढलंय, नातवंडांच्या सायकली आल्या, पाय ठेवायला जागा नाही. फक्त गॅलरीत एक कोपरा रिकामा आहे, खाटेएवढा. भिंतीवरची पेन्सिलची रेघ ह्यांनी स्वतः पुसली, तरी नीट पाहिलं तर दिसते. तिथे कपाट झालं नाही. सायकली जिन्यात राहतात, पण तिथे ठेवत नाहीत.

गेल्या महिन्यात सूनबाईने मोगऱ्याचं रोप आणलं आणि, धरणावरचं तिला कोणी कधी सांगितलं नव्हतं, कुंडी त्याच कोपऱ्यात नेऊन ठेवली. हे आतून उठून आले, कुंडी उचलली आणि दोन्ही हातांत धरून उभे राहिले, दुसरी जागा शोधत.

"राहू द्या ना बाबा तिथेच," सूनबाई हसून म्हणाली. "हलकी तर आहे ती."

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कुंडी तशीच छातीशी धरून ते खाली बसले, त्या रिकाम्या जागेच्या बाहेर, आणि कितीतरी वेळ उठले नाहीत.